नाव काढलेले आठ दिवस

शिक्षण किती, असे कोणी विचारले की मी मॅट्रिक म्हणतो आणि विषय बदलतो. बोलण्यातला विषय बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. कॉलेजातला बदलायला लागते, आणि ती ठरलेल्या तारखेच्या आत घ्यावी लागते. एवढे कळायला माझे एक वर्ष गेले. तसे पाहिले तर कॉलेजच गेले.

आमच्या गल्लीत मॅट्रिक झालेला मी पहिला. घरात दोन माग होते. वडील एकावर, मी एकावर. विणलेली लुगडी खांद्यावर टाकून इतवारीच्या बाजारात विकायला बाराव्या वर्षापासून मीच जायचो, कारण वडिलांना लाज वाटायची आणि मला राग यायचा. विकायला राग बरा. मॅट्रिक झाल्यावर कळले की सीताबर्डीकडे एक कॉलेज सकाळी भरते, नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी. सात ते दहा. दहानंतर माणूस आपल्या कामाला मोकळा. मी वडिलांना सांगितले, त्यांनी माग थांबवला आणि म्हणाले, "जाय. नाव काढ."

इंग्रजी सगळ्यांनाच होते, बाकीचे विषय आपण निवडायचे. एक विषय तर्कशास्त्र होता. माझ्या शेजारी फॉर्म भरत असलेल्या मुलाला मी विचारले, हे काय असते? तो म्हणाला, "वाद कसा जिंकायचा ते." मी लगेच खूण केली. वाद तर मी आधीही जिंकत होतो, पण त्याचे शास्त्र असेल तर घेऊन ठेवावे, असा माझा विचार.

जुलैत वेळापत्रक लागले आणि तर्कशास्त्र पहिल्या तासाला आले. सातला.

इथे आमच्या कामाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मागावर चढवण्याआधी उभ्या सुताला, म्हणजे ताण्याला, पिठाची खळ द्यावी लागते. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा बांधायचा आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंचे फिरवत जायचे. एका घराला हे जमत नाही, चार घरे मिळून करतात. आज आमचा, उद्या शेजारच्यांचा. ऊन चढले की सूत कडकते, म्हणून हे काम पहाटे. आणि पावसाळ्यात तर उघडीप दिसली की जो असेल त्याने कुंचा उचलायचा. दुसऱ्याच्या ताण्याला तुम्ही गेला नाहीत तर तुमच्या ताण्याला कोणी येत नाही. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन दिवस माझा पहिला तास बुडायचा. हाताला खळ तशीच, धावत जायचो आणि दुसऱ्या तासाला पोचायचो.

कॉलेजचा नियम असा, की चारपैकी तीन तासिकांना हजर नसाल तर त्या विषयाच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि एका विषयाला बसता आले नाही की सगळेच गेले. ऑगस्टात माझ्या लक्षात आले की अशाने जमायचे नाही. अर्थशास्त्र शेवटच्या तासाला होते. तर्कशास्त्र सोडून अर्थशास्त्र घेतले की प्रश्न मिटत होता. मी कार्यालयात गेलो.

कार्यालयात एक बडे बाबू बसत. माणूस वयाने वडिलांएवढा, अक्षर मोत्यासारखे, नजर कागदावर. माझे नाव विचारताना त्यांनी वर पाहिले, तेवढेच.

"विषय बदलायचा आहे," मी म्हणालो.

"तारीख गेली. फळ्यावर महिनाभर लावली होती."

"मग आता काय लागेल?"

"काय लागेल म्हणजे?"

"दंड, अर्ज, कोणाची चिठ्ठी. सांगा, मी आणतो."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे इतवारी नव्हे. इथे भाव होत नाही. तारीख गेली म्हणजे गेली."

घरी येऊन वडिलांना सांगितले. ते म्हणाले, "गेली म्हणजे कुठं गेली गा? एक गेली त दुसरी येईल नं. तारखेले काय तोटा आहे?"

वडील भाबडेपणाने बोलले, पण माझेही मत तेच होते. 'भाव होत नाही' हे वाक्य मी इतवारीत रोज ऐकत होतो. तिथे भावाची सुरुवातच त्या वाक्याने होते.

इतवारीत लुगडी विकण्याची एक रीत होती. शेठ गादीवर बसलेला, तुम्ही समोर. तो एक आकडा सांगणार, तुम्ही एक. दोघेही हलत नाहीत असे झाले की तुम्ही लुगडी गोळा करायची, गठ्ठा बांधायचा आणि उठायचे. "राहू द्या शेठ, तुमचं-आमचं नाही जमत." आणि दाराकडे चालायचे. फार हळू नाही, फार जोरात नाही. उंबऱ्याच्या आत हाक येतेच: "अरे, बस गा, बस, इतका काय तापतो." गठ्ठ्याची गाठ सैल बांधायची असते, म्हणजे शेठलाही दिसते की हा पुन्हा सोडायला तयार आहे. यात फसवणूक कोणाची नसते. उठणाऱ्याला माहीत असते, बोलावणाऱ्यालाही माहीत असते. वीस-बावीस वर्षांच्या वयापर्यंत मी शेकडो वेळा उठलो होतो आणि माझ्या आठवणीत हाक आली नाही असे एकदाही झाले नव्हते.

तेव्हा मी विचार केला. विषय सोडतो म्हटले तर हे लोक ऐकत नाहीत. मग कॉलेजच सोडतो म्हणावे. मी काही टाकाऊ विद्यार्थी नव्हतो, इंग्रजीच्या प्राध्यापकांनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला होता. असा मुलगा निघाला तर कोणीतरी म्हणेल, थांब बाबा, तुझी अडचण काय ती सांग. मग मी अडचण सांगणार आणि अर्थशास्त्रावर सौदा पटणार.

मी चांगल्या कागदावर अर्ज लिहिला. "पहिल्या तासाच्या वेळेमुळे मला कॉलेजात राहणे शक्य दिसत नाही, तरी माझे नाव काढून टाकावे, ही विनंती." वेळेचे कारण मुद्दाम घातले. ती माझी सैल गाठ.

बडे बाबूंनी अर्ज वाचला. मी म्हणालो, "राहू द्या मग. तुमचं-आमचं नाही जमत." आणि दाराकडे निघालो. कार्यालयाची खोली लांबट होती. कपाटे गेली, पाण्याचा माठ गेला, दार आले. मागून शिक्का मारल्याचा आवाज आला. बस. मी व्हरांड्यात थोडा वेळ चपलेचा अंगठा नीट करत उभा राहिलो.

याहून मोठी चूक मी पुढे केली, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. हाक आली नाही तेव्हाच मी परत आत जायला हवे होते. पण इतवारीतसुद्धा एखादा शेठ ताणून धरतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस पाठवतो. मला वाटले, हे तसेच आहे. आपण पहिले वाकायचे नाही. त्या आठवड्यात मी घरी सांगितले, खळीला मी येणार नाही, आणि रोज सातच्या आधी वर्गात जाऊन बसलो. म्हटले, बघू दे त्यांना, कोण सोडून चालला होता ते.

पहिल्या दिवशी हजेरीत माझा नंबर आला. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक म्हणाले, "बावन्न... चौपन्न." मी त्रेपन्न. माझ्या शेजारच्या मुलाने माझ्याकडे पाहिले. मी समोर पाहत राहिलो. हेही भावाचाच भाग आहे, असे मी स्वतःला समजावले. बावन्न, चौपन्न. बावन्न, चौपन्न. आठव्या दिवशी तो शेजारचा मुलगा मधल्या सुट्टीत म्हणाला, "तू अजून काहून येऊन राहिला? फळ्यावर तुझं नाव लागलं आहे, कमी केलेल्यांत. एकट्याचंच आहे."

मी फळ्यापाशी गेलो. माझे नाव टंकलेखनयंत्रावर काढलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

घरी वडिलांना कळले तेव्हा ते ओरडले नाहीत. कुंचा धूत होते. म्हणाले, "नाव काढायले धाडलं होतं तुले. तू त खरंच काढून आला." शेजारचे काका हसले. वडील हसले नाहीत. कुंचा झटकून म्हणाले, "मोठ्या साहेबाकडे जाय. अन् भांडू नको. आजच्या दिवस भांडू नको. खळीचं मी पाहतो, माणूस लावीन, काहीही करीन. तू परीक्षेत बस."

प्राचार्य सभ्य गृहस्थ होते. माझा अर्ज त्यांच्यासमोर होता.

"अर्ज तुमचाच?"

"हो."

"कॉलेज सोडायचं होतं?"

"नव्हतं."

"मग लिहिलं कशाला?"

"तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

ते हसले. चेष्टेने नाही, खरोखर मजा वाटून. मग म्हणाले, "जायचं म्हणणाऱ्याला कॉलेज अडवत नसतं हो. तसं अडवणं बरोबरही नाही." हे वाक्य मी नंतर फार वेळा मनात घोळवले. त्यांच्या बाजूने ते सौजन्य होते. सुशिक्षित माणूस तुमच्या कागदाचा मान राखतो, तुम्ही लिहिले तेच तुम्हाला हवे आहे असे धरतो. आमच्या बाजारात माणूस कागदाच्या पलीकडे तुमच्या तोंडाकडे पाहतो. यातले बरे कोणते, हे मी अजून ठरवू शकलो नाही. पण दोन्ही रीती एकाच शहरात, सायकलने पंधरा मिनिटांच्या अंतरावर चालत होत्या आणि मला कोणी सांगितले नव्हते.

प्राचार्य म्हणाले, नाव परत घेता येईल, विषय मात्र तेच राहतील. दुसरा अर्ज द्या. बडे बाबू सांगतील तसा लिहा.

बडे बाबूंनी मला कागद दिला, दौत सरकवली आणि सांगू लागले. "माझ्या अज्ञानामुळे मी नाव काढण्याचा अर्ज दिला होता..."

माझा हात थांबला. "गैरसमजामुळे लिहितो."

"अज्ञानामुळे."

"गैरसमजामुळे म्हटलं तर काय बिघडतं?"

"गैरसमजाला दोघं लागतात," ते शांतपणे म्हणाले. "इथे दुसरा कोण होता?"

"तुम्ही होता."

"मला काहीच गैरसमज झाला नाही. तुम्ही लिहिलं, मी वाचलं."

दुसरा कोणताही दिवस असता तर मी दौत पालथी घातली असती. पण सकाळी वडील म्हणाले होते, आजच्या दिवस भांडू नको. मी 'अज्ञानामुळे' लिहिले. सही केली. आयुष्यात समोरच्याने सांगितलेला भाव तसाच्या तसा मान्य केला, तो त्या दिवशी.

वडिलांनी शब्द पाळला. माझ्या जागी खळीला ते एका म्हाताऱ्या विणकराला बोलवू लागले आणि दोन माणसांचे काम स्वतः ओढू लागले. दिवाळीनंतर त्यांचा डावा खांदा धरला तो धरलाच. मी एकही तासिका चुकवली नाही. तर्कशास्त्र आवडू लागले म्हणणार नाही, पण समजू लागले. त्यात वाद जिंकायला शिकवत नाहीत. वाद बरोबर केव्हा असतो एवढेच शिकवतात. तो जिंकला जाईल की नाही, हे त्या शास्त्रात येत नाही.

परीक्षेच्या महिनाभर आधी हजेरी कमी असलेल्यांची यादी लागली. त्रेपन्न नंबर तीत होता. तर्कशास्त्र, दोन तासिका कमी.

मी नोंदवही पाहायला मागितली. नाव कमी केलेल्या त्या दिवसांत तर्कशास्त्राच्या सहा तासिका झाल्या होत्या, आणि त्या सहाही माझ्या नावापुढे गैरहजर म्हणून धरल्या होत्या. त्या सहाही तासिकांना मी वर्गात बसलेलो होतो.

त्या संध्याकाळी मी रामदासपेठेत तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांच्या घरी गेलो. ते अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी म्हणालो, "सर, एक अनुमान तपासून द्या. ज्याचं नाव पटावर नाही तो विद्यार्थी नाही. गैरहजर फक्त विद्यार्थीच असू शकतो. त्या दिवसांत माझं नाव पटावर नव्हतं. म्हणून त्या दिवसांत मी गैरहजर असू शकत नाही."

त्यांनी झारी खाली ठेवली. "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितले.

"निर्दोष आहे," ते म्हणाले. "वर्गात इतकं नीट कोणी मांडत नाही. तुम्ही बसलेलेही होता, मला आठवतं. पण मी नंबर वाचतो हो, तोंडं नाही."

त्यांनी प्राचार्यांना चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी ती वाचली, मान डोलावली आणि बडे बाबूंना फाइल घेऊन बोलावले. मला वाटले, झाले. बडे बाबूंनी फाइल उघडली आणि माझाच अर्ज मोठ्याने वाचला. "माझ्या अज्ञानामुळे मी नाव काढण्याचा अर्ज दिला होता." मग म्हणाले, "म्हणजे ते दिवस विद्यार्थ्याच्या स्वतःच्या चुकीने गेले. नियमात सूट आजारपणाला आहे, साहेब. अज्ञानाला नाही."

प्राचार्यांनी कागद हातात घेऊन पाहिला. "इथे गैरसमज असं असतं," ते जवळजवळ स्वतःशी म्हणाले, "तर निम्मी जबाबदारी कार्यालयाची धरता आली असती. काहीतरी करता आलं असतं."

"मी तेच लिहीत होतो!" मी ओरडलो. "यांनी लिहू नाही दिलं! विचारा यांना!"

बडे बाबू म्हणाले, "मी सुचवलं. सही त्यांची आहे."

त्यानंतर मी जे बोललो ते लिहिण्यासारखे नाही. टेबलावर हात आपटला, शाई उडाली, प्राचार्यांच्या पांढऱ्या बाहीवर डाग पडला. ते उठून उभे राहिले. कदाचित आणखी एखादी वाट निघाली असती, ती मी त्या हाताने बंद केली. शिपायाने मला बाहेर नेले.

हा माणूस माझ्या वाइटावर होता असे मी पुष्कळ वर्षे सांगत आलो. आता वय झाल्यावर मला वाटते, तो फक्त आपल्या फाइलीला जपत होता. गैरसमज लिहिला असता तर उद्या कोणीतरी त्यालाच विचारले असते, तू काय करत होतास? मी लुगड्यातला तुटका धागा आतल्या घडीत लपवायचो, त्याने एका शब्दात आपली बाजू लपवली. धंदा म्हणून मला ते कळते. माफ मात्र मी केलेले नाही.

आणि खरे सांगायचे तर आणखीही एक आहे, जे वडिलांना मी कधी सांगितले नाही. पहिल्या दोन महिन्यांत माझे जे तास बुडाले ते सगळेच काही खळीने बुडाले नाहीत. जुम्मा तलावाच्या बाजूला एक जण जुन्या सायकलींचे सामान घेऊन बसायचा. एका सीटवरून माझी त्याच्याशी लागोपाठ दोन सकाळी जुंपली. तिसऱ्या सकाळी मला पाहिजे त्या भावात ती सीट मिळाली. त्या दोन्ही सकाळी मी वर्गाच्या दाराशी पोचलो तेव्हा हजेरी होऊन गेली होती. यादीत कमी पडल्या त्याही दोनच.

पुढच्या जूनमध्ये वडिलांनी माझा सदरा धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री करून ठेवला होता. खांदा दुखत असताना. मी तो घातला आणि इतवारीत गेलो. सुताचा धंदा सुरू केला, तो चालला. कॉलेजचा फॉर्म आणायला मी गेलो नाही. त्या फॉर्मात एक रकाना असतो, आधी नाव होते का आणि का सुटले. तिथे काय लिहावे लागेल ते मला ठाऊक होते.

वडिलांनी त्याबद्दल एकदाच विचारले. जेवताना म्हणाले, "काहून नाही गेला गा?"

"सौदा बरोबर नव्हता."

"सौद्यात काय पाहिजे होतं तुले?"

मी म्हणालो, "त्यांनी म्हणायला पाहिजे होतं, की मी वर्गात होतो."

ते डाव्या हाताने ताट ओढायला गेले, हात उचलला गेला नाही, तेव्हा उजव्याने ओढले. "मले माहीत आहे नं," ते म्हणाले. "त्या आठ दिवसांत कुंचा मी एकटाच मारत होतो."